परमुलखातले गाणे आणि त्याचा धनी

रशियाला जाऊन आलेल्या मराठी माणसाला त्याच्या प्रवासाविषयी विचारून पाहा. तो लेनिनची समाधी सांगेल, जमिनीखालची रेल्वे सांगेल, हाडे गोठवणारी थंडी सांगेल. आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून एक प्रसंग सांगेल. बाजारात किंवा आगगाडीत एक अनोळखी म्हातारा ‘इंदिया?’ असे विचारतो आणि ‘आवारा’चे शीर्षकगीत गाऊ लागतो. सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो. हा प्रसंग मी व्याख्यानांतून ऐकला आहे, दिवाळी अंकांतून वाचला आहे, एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात फोटोंच्या वहीसह पाहिलाही आहे. इतक्या वेळा, की तो मला प्रवासवर्णनाचा ठरीव मसाला वाटू लागला होता. २०११ च्या ऑक्टोबरात तो माझ्याच वाट्याला आला.

मी शिक्षकी पेशातला माणूस. आमच्या घराण्यात परदेश कुणी पाहिलेला नव्हता. महाविद्यालयातून निवृत्त झालो तेव्हा काही सहकाऱ्यांनी सहल ठरवली, मी निधीतले थोडे पैसे मोडले आणि दिल्लीहून ताश्कंदला गेलो. ताश्कंदच का, तर तिथला खर्च झेपण्यासारखा होता. आणि १९६६ साली लालबहादूर शास्त्री तिथे वारले हे शाळेपासून पाठ होते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला, ताश्कंद आता उझबेकिस्तानची राजधानी. तिथल्या चोरसू बाजारात एक सत्तरी ओलांडलेला माणूस गोल, मध्ये नक्षीचा ठसा मारलेल्या रोट्या विकत बसला होता. आमच्या घोळक्याकडे पाहून त्याने विचारले आणि गायला लागला. पहिले दोन शब्द स्पष्ट, पुढे नुसती चाल. आम्ही वीसजण टाळ्या वाजवून गाऊ लागलो. गाणे संपल्यावर त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘राज कपूर.’ आम्हीही एका सुरात म्हणालो, ‘राज कपूर!’ त्याने एक रोटी आमच्या हातात कोंबली आणि पैसे घेतले नाहीत.

माझाही गळा दाटून आला होता, हे कबूल करतो. घरी परतल्यावर त्या म्हाताऱ्याबरोबरच्या फोटोच्या मागे मी लिहिले: ‘चोरसू बाजार, राज कपूरचे गाणे.’

प्रस्तुत लेख त्या एका ओळीविषयी आहे.

गाणे राज कपूरचे नव्हते. त्यांनी त्यावर ओठ हलवले. चाल शंकर-जयकिशन यांची, गळा मुकेशचा आणि शब्द शैलेंद्र यांचे. यात नवीन काय, असे वाचक म्हणेल. सिनेमाचे गाणे पडद्यावरच्या चेहऱ्याच्या नावाने ओळखले जाते, ही रीतच आहे. ही रीत मी तीस वर्षे वर्गात साहित्य शिकवीत असताना निमूटपणे मानली. मग, त्या प्रवासानंतर पाच-सहा वर्षांनी, हिंदी विभागातल्या एका मित्राने मला एक पुस्तक वाचायला दिले. ‘अंदर की आग’, शैलेंद्र यांच्या कवितांचा २०१३ साली निघालेला संग्रह. त्याच्या प्रस्तावनेत कवीच्या मुलाने आपल्या कुळाची जात लिहिली होती. चर्मकार.

मी पुस्तक मिटून ठेवले. गावच्या जत्रेतल्या कर्ण्यापासून ताश्कंदच्या बाजारापर्यंत जे गाणे मी ऐकले, त्याचा धनी आपल्यातलाच होता आणि मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असेही कधी वाटले नव्हते. हे अधिक वाईट.

शैलेंद्र यांचे मूळ नाव शंकरदास केसरीलाल. घराणे बिहारचे, जन्म १९२३ साली रावळपिंडीचा, बालपण मथुरेत. मुंबईला आले ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी करायला. दिवसा लोखंड आणि संध्याकाळी इप्टाच्या बैठकांतून कविता. तिथे राज कपूर यांनी त्यांना ऐकले, सिनेमासाठी कविता मागितली, आणि आपली कविता विकायची नाही म्हणून या कामगाराने त्यांना परत पाठवले. पुढे घरात बाळंतपण आले, पैशांची ओढ लागली, तेव्हा ते स्वतः गेले. ‘बरसात’ची गाणी तिथून आली, १९४९ साली. जुलमाला संपाने उत्तर देण्याची जी हिंदी घोषणा आपण मोर्च्यांत देत आलो, तीही याच माणसाच्या कवितेतली. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होते? ‘तीसरी कसम’ काढताना ते कर्जात बुडाले आणि १४ डिसेंबर १९६६ रोजी गेले. तो राज कपूर यांचा वाढदिवस होता, ही गोष्ट सिनेमाची मासिके मोठ्या चवीने सांगतात. माटुंग्याचे वर्कशॉप ती इतक्या चवीने सांगत नाहीत.

आता ‘आवारा’कडे येऊ. चित्रपट डिसेंबर १९५१ चा. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. त्यातला न्यायाधीश रघुनाथ असे मानतो की सभ्याचा मुलगा सभ्य आणि चोराचा मुलगा चोर. या समजुतीपायी त्याने जग्गा नावाच्या माणसाला, केवळ तो दरोडेखोराच्या पोटी जन्मला म्हणून, दोषी ठरवलेले असते. जग्गा खरोखरच दरोडेखोर होतो आणि सूड म्हणून न्यायाधीशाच्याच मुलाला चोर बनवतो. या कथेकडे आपल्याकडच्या समीक्षकांनी गरीब-श्रीमंत एवढ्याच चष्म्यातून पाहिले. मला त्यात दुसरे काही दिसते. १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून उठला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे चित्रपट झळकला तेव्हा, जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा या देशाच्या दप्तरात अजून होता. रघुनाथ न्यायाधीश हा काही अब्बास यांच्या कल्पनेतला विक्षिप्त माणूस नव्हे. तो त्या कायद्याचा आवाज आहे, आणि त्या कायद्याच्या आधीच्या एका फार जुन्या कायद्याचाही, जो मनूच्या नावावर चालतो.

परंतु कथा इथेच कच खाते. जन्माने काही ठरत नाही, हे सिद्ध करायला ती मुलगा निवडते कुणाचा? न्यायाधीशाचा. म्हणजे प्रेक्षकाला मनातून धीर असतो की रक्त चांगले आहे, पोरगा सुधारेल. ज्याच्यावर खरा अन्याय झाला त्या जग्गाचे काय? त्याच्या बापाच्या नावाचा शिक्का कुणी पुसत नाही. कर्णाच्या गोष्टीत हेच आहे. सूतपुत्राचा गौरव होतो, पण तो मुळात क्षत्रिय होता हे खाजगीत कळल्यावर. पुरोगाम्यांची सहानुभूती बऱ्याचदा इथवर येऊन थांबते.

गाणे मात्र कथेच्या बाहेर उभे आहे. गाण्यातल्या माणसाला न्यायाधीश बाप नाही. त्याला घर नाही, गाव नाही, मागे वाट पाहणारे कुणी नाही आणि तरी तो गातो आहे. पटकथेला जे जमले नाही ते या काही ओळींत आहे, कारण त्या लिहिणाऱ्याला बापाचे नाव गाळून जगणे म्हणजे काय ते ठाऊक होते. हे माझे अनुमान आहे. कवितेच्या पाठीमागे कवीची जात शोधू नये असे मला कॉलेजात शिकवले गेले. शिकवणाऱ्यांची आडनावे मला आजही आठवतात.

सोव्हिएत देशांत हा चित्रपट १९५४ मध्ये दाखवला गेला आणि त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटे खपली. महायुद्ध संपून नऊ वर्षे झाली होती. घरोघरची माणसे मेलेली, पोरे बेवारस वाढलेली. बेघर माणसाचे हसरे गाणे त्या लोकांना लागले तर नवल नाही. पण ते सगळ्यांना सारखे लागले असेही नाही. सोल्झेनित्सिन यांची ‘कॅन्सर वॉर्ड’ ही कादंबरी ताश्कंदच्या रुग्णालयातल्या त्यांच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेली आहे. तीत झोया नावाची तरुण मुलगी, रुग्णालयात काम करता करता शिकणारी, हे गाणे उत्साहाने म्हणते. कोस्टोग्लोटोव हा रोगी मात्र चिडतो. तो छावण्यांत वर्षे काढून आलेला. तिथे सराईत चोरांनी राजकीय कैद्यांची काय गत केली ते त्याने भोगलेले. चोराला गोड करून दाखवणारे गाणे त्याला सोसत नाही.

ही पाने वाचताना मी अडखळलो. कोस्टोग्लोटोवचा राग खोटा नाही. ज्याची भाकरी हिसकावली गेली त्याला भाकरचोराचे गाणे कसे रुचावे? पण त्याच्या कानात गाण्यातला माणूस चोर आहे, आणि माझ्या कानात तो चोर ठरवला गेलेला आहे. फरक गाण्यात नाही, ऐकणाऱ्याने काय भोगले त्यात आहे. परक्या मुलखात गेलेले गाणे असे उघडे पडते. त्याच्याबरोबर त्याचा संदर्भ जात नाही; ऐकणारा आपला संदर्भ त्याला घालतो. झोयाने आपले तारुण्य घातले, कोस्टोग्लोटोवने छावणी घातली, आमच्या सहलीने ‘भारताची कीर्ती’ घातली. लिहिणाऱ्याचे तेवढे कुणी काही घातले नाही.

इथे मला अण्णाभाऊ साठे यांची आठवण येते. त्यांची गोष्ट या गोष्टीच्या बरोबर उलट आहे.

तेही माटुंग्याचेच, म्हणजे काही काळ. वाटेगावचा मांगाचा पोरगा बापाबरोबर पायी मुंबईला आला आणि पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळीत पडला. स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली. त्या लढाईचा पोवाडा अण्णाभाऊंनी मुंबईत बसून रचला. त्यांनी रशिया पाहिला नव्हता, व्होल्गा पाहिली नव्हती. वर्तमानपत्रे आणि पक्षाच्या बैठका एवढेच साधन. पुढे अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे राहिले आणि ही शाहिरी चाळी-चाळींतून गाजली. वाटेगावची डफ-तुणतुण्याची भाषा घेऊन त्यांनी एक परमुलूख असा उभा केला की गिरणीतल्या माणसाला तो शेजारच्या तालुक्यासारखा वाटला. १९६१ साली ते प्रत्यक्ष सोव्हिएत देशात गेले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यातून आले.

सामान्य प्रवाशाचे गाणे प्रवासात चिकटते आणि घरी आल्यावर आठवणीला वास देत राहते. अण्णाभाऊंचे गाणे प्रवासाच्या अठरा वर्षे आधी तयार होते. त्यांच्या प्रवासाला ते गाणे मागून लागलेले नाही, ते पुढे चाललेले आहे. शिवाय एक योगायोग असा, की त्याच १९६१ च्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले. शहराचे जुने नाव नकाशातून गेले, मराठी पोवाड्यात राहिले.

या माणसाच्या परदेशप्रवासाला आणखी एक बाजू आहे, जी उच्चवर्णीय प्रवासवर्णनकाराच्या पुस्तकात असूच शकत नाही. ‘फकिरा’त मांगवाड्यावर लादलेली हजेरी येते. गुन्हेगार ठरवलेल्या माणसाने रोज चावडीवर तोंड दाखवायचे, शीव ओलांडायला परवाना घ्यायचा. अशा वाड्यातून निघालेला माणूस एक दिवस पारपत्र हातात घेऊन विमानात बसतो. ‘आवारा’तला न्यायाधीश ज्याला जन्मचोर म्हणाला असता तोच हा. आमच्या लोकांचा परमुलूख विलायतेत सुरू होत नव्हता, तो गावाच्या शिवेबाहेर सुरू होत होता. म्हणून ‘माझी मैना’ ही छक्कड मी प्रवासाचेच गाणे मानतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते गाजले. त्यातला गडी मुंबईला आला आहे आणि बायको गावी राहिली आहे. त्या ताटातुटीवरूनच अण्णाभाऊ तुटलेल्या महाराष्ट्राकडे वळतात. हे गाणे ताश्कंदच्या बाजारात कुणी म्हणणार नाही. ते बेळगाव-कारवारला इतके घट्ट बांधले आहे की त्याला विमानात चढवता येत नाही.

इथे मला काही बोचते. ‘आवारा’चे गाणे जगभर गेले ते कशामुळे? त्याने आपले गाव टाकले, जात टाकली, लिहिणाऱ्याचे नाव टाकले. मग ते हलके झाले आणि उडाले. गाणारा भणंग हसतो, म्हणून ऐकणाऱ्याला अपराधी वाटत नाही. ‘गोलपिठा’तला भणंग हसत नाही, १९७२ पासून तो मराठी वाचकाची झोप मोडतो आहे, आणि कोणत्याही बाजारात कुणी टाळ्या वाजवून त्याला म्हणत नाही. जगात जायचे तर सामान खाली ठेवा, असा हा सौदा आहे. तो सौदा शैलेंद्र यांनी केला म्हणून मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात बाळंतपण आहे त्याला दोष देणारा मी कोण? पण सौदा होता, हे म्हणायला हवे.

माझी आई जात्यावर बाबासाहेबांच्या परदेशगमनाच्या ओव्या गात असे. तिने समुद्र पाहिला नव्हता. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले हे साल तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. बोट, कोट आणि बुकांच्या पेट्या एवढे तिला ठाऊक होते. एका माणसाचा प्रवास आणि त्याची आठवण हजारो बायांची, ज्या गावाबाहेर पडल्या नाहीत. या ओव्यांत भीमाचे नाव येते. ते आल्याशिवाय ओवी पुरी होत नाही. आपल्या शाहिरांची, जलसाकारांची रीत तीच. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. लोक त्याला हौस म्हणोत. मला तो दस्तऐवज वाटतो. सातबाऱ्यावर ज्यांची नावे नाहीत त्यांनी आपली नावे कडव्यात घातली. गाणे चोरणाऱ्याला शेवटचे कडवे कापावे लागते. सिनेमाच्या गाण्यात असे कडवेच नसते, त्यामुळे कापायचेही कारण पडत नाही.

आता एक वाद, जो मी आमच्या अभ्यासमंडळात दोनदा हरलो आणि तरी सोडलेला नाही. तरुण कार्यकर्ते म्हणतात, शैलेंद्र आपले, त्यांना दलित कवी म्हणून घोषित करा, जयंती करा. हिंदीतही या जात-उल्लेखावरून वाद झाला; एक बाजू म्हणाली की एवढ्या मोठ्या कवीला जातीत कोंडता, दुसरी म्हणाली की आजवर लपवले ते तुम्हीच. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. दलित साहित्य जन्माने ठरत नाही, जाणिवेने ठरते, ही भूमिका आपण अनेक वर्षांच्या भांडणातून कमावली आहे. ती एका लोकप्रिय नावासाठी मोडू नये. शैलेंद्र यांच्या सिनेगीतांत वर्गाची जाणीव आहे, करुणा आहे. जातीविरुद्धचा नकार उघडपणे नाही. मी त्यांना दलित साहित्यात ओढून आणणार नाही. परंतु जात सांगितल्याने कवी लहान होतो, असे जे म्हणतात त्यांना मी विचारतो: तर मग राज कपूर यांचे पेशावर, त्यांचे नाट्यघराणे, ‘पृथ्वी थिएटर’ हे सारे सांगितल्याने ते लहान का होत नाहीत? कुळाची गोष्ट तेव्हाच कोंडवाडा कशी ठरते, जेव्हा कूळ चर्मकाराचे असते?

मंडळातला एक मुलगा यावर म्हणाला, ‘सर, तुम्ही श्रेय मागता, पण माणूस मागत नाही.’ त्याला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोच्या रुडोमिनो ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आनंद झाला. त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी डॉक्टरकी शिकायला व्होल्गोग्राडला गेली. आता आपल्या वस्त्यांतूनही मुले तिकडे जातात. बाप शेत गहाण टाकतो. निघण्याआधी ती भेटायला आली. तिच्या फोनमध्ये भीमगीते होती, थोडी मराठी सिनेमाची गाणी. मी तिला सांगितले की तू जिथे चालली आहेस त्या गावावर आपल्या माणसाचा पोवाडा आहे. ती म्हणाली, ‘पण सर, तो स्टालिनग्राडचा ना?’ मी नावाची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा फोन आला. ती मामायेव टेकडीवर उभी होती. तिथला तलवार उगारलेल्या बाईचा तो प्रचंड पुतळा १९६७ साली उभा राहिला. अण्णाभाऊंच्या नजरेला तो पडलेला नसणार. वारा इतका होता की तिचे निम्मे शब्द ऐकू येत नव्हते. पोवाडा ऐकायचा आहे, पाठवता का, असे ती विचारत होती. बरोबर दोन मैत्रिणी होत्या, एक बिहारची, एक केरळची. मी शोधले. ऐकण्यासारखे ध्वनिमुद्रण माझ्या हाती लागले नाही. शेवटी पुस्तक काढले, चष्मा लावला आणि माझ्या फाटक्या आवाजात पहिली दोन चौके वाचून तिला पाठवली. आधी नाव सांगितले, मग वाचले.

त्या रात्री चोरसू बाजाराचा फोटोही काढला. मागची ओळ खोडून नवी लिहावी असा विचार होता. मग ती तशीच ठेवली आणि खाली, दुसऱ्या शाईने, शंकरदास केसरीलाल असे लिहिले.